भागीचे मोती

“पाय आपटत येऊ नको बाय, ती बुजते,” धाकू गुरव मागे न बघता म्हणाले.

मी होते तिथेच थांबले. ती म्हणजे कोण, हे काही मला कळेना. डोहात कमरेएवढ्या पाण्यात म्हातारा एकटाच उभा होता. काठावर डोहाईदेवीचं बसकं कौलारू देऊळ, त्यावर वाकलेले करंज, आणि सकाळची वेळ असूनही एका पाखराचा आवाज नाही. मी कारखान्यातून डोहाच्या पाण्याचा नमुना न्यायला आले होते. बाटली हातात तशीच राहिली.

“कोण बुजते, काका?”

त्यांनी पाण्यातून दोन्ही हात जरासे वर आणले. तळव्यांवर हातभर लांबीचा एक मासा आडवा पडला होता. पकडलेला नव्हे, आपण होऊन टेकलेला. मोठाले खवले, त्यांवर सोनेरी झाक, शेपटीला एका बाजूने खाच.

“ही भागी,” ते म्हणाले. “आमची मंडळी.”

मी मिरजेची. नदी म्हणजे घाट, धुणं आणि उन्हाळ्यात मगरीच्या बातम्या, एवढंच मला ठाऊक. इथे नोकरीला आल्यावर ऐकलं होतं, की सावरघळ गावातलं माणूस गेलं की डोहाई त्याला आपल्या पाण्यात ठेवून घेते. म्हणून डोहातला मासा कोणी धरत नसे. सणाला आधी डोहात कुरमुरे पडत, मग घरातलं पान वाढलं जाई. धाकू गुरवांची बायको भागीरथी पौषात तापानं गेली, हेही कानावर आलं होतं. मी रसायनशास्त्र शिकलेली, असल्या गोष्टींची येता-जाता टिंगल करणारी. त्या सकाळी टिंगल सुचली नाही.

कारण बाकीचे मासेही वर आले होते. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर होती, उघडत होती, मिटत होती, आणि त्यांचा एक बारीक पचपच आवाज येत होता. देवळात मागे बसलेल्या बायका पुटपुटतात तसा.

“काय म्हणतात?” मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

“पाणी मागतात,” धाकूकाका म्हणाले. “दुसरं काय मागतील?”

पाण्यातली हवा संपत आली की मासे असे वर येतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण दोन्ही म्हणण्यांचा अर्थ एकच होता. त्या चैत्रात वरचा ओढा पार आटला होता. ओढ्याच्या उगमाशी आमच्या कारखान्याच्या विहिरी होत्या, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि तोंडावर कोणी बोलत नव्हतं. डोह आक्रसत आक्रसत एखाद्या अंगणाएवढा उरला होता. पाऊस लांब होता. तोवर पाणी मिळालं नसतं तर मासे मेले असते, म्हणजे गावाच्या समजुतीनं गावाची सगळी गेलेली माणसं दुसऱ्यांदा गेली असती.

आमच्या सबनीस सरांनी यावर तोड काढली होती. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करून डोहात सोडायचं. गावानं ऐकून घेतलं आणि एक अट घातली: आधी पाण्याची पारख. डोहात नवं पाणी घ्यायचं तर ते तांब्याच्या घंगाळात भरून देवीपुढे ठेवायचं. गुरवानं स्वतःच्या हातानं एक मासा त्यात सोडायचा. देवीपुढचं निरांजन विझेपर्यंत मासा जगला तर आईनं पाणी घेतलं. मग ढोल वाजायचा. ती पारख त्याच दुपारी होती.

“आज मासा कोणता सोडणार?” मी विचारलं.

“जो हातावर येईल तो.” त्यांनी भागीला अलगद पाण्यात सोडलं. ती गेली नाही, त्यांच्या मांडीला घासून तिथेच फिरत राहिली. “आता माझ्या हातावर दुसरं कोण येतंय?”

“काका, दुसरा घ्या ना एखादा.”

“का गो? तुज्या सायबाच्या पाण्यावर तुजाच भरवसा नाय?”

“आहे की,” मी म्हटलं. आणि होताच.

सबनीस सर मुळात वाईट माणूस नव्हे. कारखान्यात कापडाच्या रंगांची कच्ची रसायनं व्हायची आणि त्याचं सांडपाणी कुंकू कालवल्यासारखं लाल यायचं. आधीच्या लोकांनी ते जिवाणूंच्या टाकीत घालून बघितलं, तर जिवाणूच मेले. सर आले आणि त्यांनी नवी पद्धत बसवली. पाणी आम्लानं आंबट करायचं, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचं मीठ, घालायचं आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायचं. ही दोन भेटली की पाण्यात असं काही जहाल जन्माला येतं, की ते समोर येईल त्या विषाचे तुकडे करतं. जगतं क्षणभर, पण तेवढ्यात काम करून जातं. शेवटी चुना घालून पाणी निवळायचं.

“पाण्याच्या पोटात लावलेली आग आहे ही,” सर सांगायचे. “धूर नाही, ज्वाळा नाही. पण आगच.”

मी डोहावरून परतले तेव्हा सर टाकीच्या कठड्यावर ओणवून उभे होते. खाली लाल पाणी घुसळलं जात होतं. बघता बघता ते तपकिरी झालं, मग कोऱ्या चहासारखं, मग फिकट. हा प्रकार मी रोज बघत होते. पण त्या दिवशी पाणी थांबलंच नाही, निवळतच गेलं. टाकीच्या तळावरचे ओरखडे दिसायला लागले. कोणाचा तरी कधीकाळी पडलेला पाना दिसायला लागला. मग तर मला टाकी रिकामीच वाटायला लागली, आणि मी उगाच कठडा घट्ट धरला.

“आज काचेसारखं हवं होतं,” सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “हिराकस जास्त झालं की पिवळट छटा राहते. म्हणून हिराकस निम्मं केलं आणि पेरॉक्साइड दुप्पट. बघ, वैजयंती! हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“सर, हे उघड्या तलावात मुरायला ठेवायचं ना? नेहमी ठेवतो तसं?”

“गावानं वेळ काढून दिलीय. त्यांचा देव आपल्या तलावासाठी थांबणार आहे का? तू तपासून घे, म्हणजे झालं.”

मी तपासलं. नमुन्यात नेहमीची चिमूटभर काळी पूड टाकली. पेरॉक्साइड शिल्लक असलं की आमच्या तपासणीत आकडा उगाचच फुगतो, म्हणून पूड टाकून ते आधी मोडून काढायचं, अशी आमच्या प्रयोगशाळेची रीत होती. नमुना फसफसला. बराच वेळ फसफसत राहिला, फेस नळीबाहेर येऊन माझ्या बोटांवर उतरला. मी तो पुसला, पाणी गाळलं आणि तपासलं. अहवाल दृष्ट लागावी इतका चांगला आला.

दुपारी डोहावर सगळं गाव लोटलं होतं, पण गलका नव्हता. ऊन असं होतं की करंजांच्या सावल्याही खोडाला चिकटून बसल्या होत्या. देवीपुढे तांब्याचं घंगाळ ठेवलेलं, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. बाजूला ढोलवाला काठी घेऊन तयार. वर कारखान्याच्या फाटकापाशी एक माणूस उभा केला होता. ढोल ऐकू आला की त्यानं पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, असं ठरलं होतं.

आमचं पाणी कॅनमधून घंगाळात ओतलं गेलं. लोक वाकून बघू लागले. एवढं स्वच्छ पाणी त्यांनी त्या महिन्यात पाहिलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, “ह्यात तर काय दिसतच नाय!” आणि तिनं आपलं तोंड दिसतंय का म्हणून डोकावून पाहिलं.

तेवढ्यात मला ते ऐकू आलं. अगदी बारीक, एकसुरी, सूंऽऽ असं. मी इकडेतिकडे बघितलं. आवाज घंगाळातून येत होता. तांब्याच्या तळावरून, कडांवरून मोहरीएवढे बुडबुडे सुटत होते आणि सरळ रेषेत वर येत होते. खाली विस्तव नाही, पाणी हाताला गार, आणि ते उकळत होतं.

“पाणी जागं झालं!” कोणीतरी कुजबुजलं.

“आई आली पाण्यात!”

“डोहाईच्या नावानं चांगभलं!”

मी सरांकडे बघितलं. आधी त्यांचा चेहरा साफ उतरला. मग लोकांचे जोडलेले हात दिसले, आणि हळूहळू त्या चेहऱ्यावर हसू आलं. ते हसू मला बुडबुड्यांपेक्षा भयंकर वाटलं.

धाकूकाका डोहात उतरले. त्यांनी हाक मारली नाही, नुसते हात पाण्याखाली पसरले. भागी आली, तळव्यांवर टेकली. त्यांनी तिला छातीशी धरून आणलं आणि घंगाळात सोडलं. निरांजन लागलं.

क्षणभर ती निश्चल राहिली. मग तिच्या अंगावर एक बुडबुडा धरला. मग दुसरा. मग प्रत्येक खवल्याच्या कडेला एकेक, पांढरा, टपोरा, चमकणारा. गळ्याशी दाट सर झाला. पाठीवर ओळी उठल्या. शेपटीच्या खाचेतसुद्धा एक जाऊन बसला. ती अंगभर मढली. बायकांच्या तोंडून एकदम हुंकार निघाला.

“मोती!” धाकूकाका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. “जल्मात एक मणी नाय घातला गो मी तिला. काळ्या पोतीत होती ती शेवटपर्यंत. आज आईनं मोती घातलं!”

आणि तेव्हा तो फेस मी ओळखला. सकाळी तो माझ्याच बोटांवरून उतरला होता. प्रयोगशाळेत मी तपासलेलं पाणी हे नव्हतंच. मी आधी काळ्या पुडीनं पाण्यातली आग विझवत होते आणि मग लिहीत होते, की आग नाही. डोहात मात्र पूड टाकणारं कोणी बसलेलं नव्हतं. हिराकस कमी पडलं होतं, पेरॉक्साइड तसंच शिल्लक होतं, तांब्याला लागून त्याचेच बुडबुडे सुटत होते, आणि जाळायला दुसरं काही उरलं नाही म्हणून आता ते जे समोर येईल ते जाळत होतं.

मी सरांच्या बाजूला सरकले. “सर, पेरॉक्साइड राहिलंय. भरपूर राहिलंय. ती मरेल.”

“हळू बोल.” त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत. “डोहात गेलं की विरेल सगळं.”

“कशात विरेल? डोह अंगणाएवढा उरलाय!”

“वैजयंती, हे लोक खूश आहेत. मी पाच वर्षं या पाण्यासाठी घालवलीत. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नकोस.”

मोती हा शब्द त्यांनी नेमका त्या वेळी वापरायला नको होता. मी तडक पुढे गेले आणि धाकूकाकांच्या शेजारी घंगाळापाशी बसले. ढोलवाल्यानं काठी उचलून धरली होती, लोक त्याला “थांब, थांब, निरांजन विझू दे” म्हणून दटावत होते. निरांजनात तूप थोडंच होतं.

“काका, हिला बाहेर काढा.”

“का गो? बघ तरी कशी सजलीय!”

“ते मोती नाहीत. ती जळतेय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “पाण्यात?”

“पाण्यातच. दवाखान्यात जखमेवर औषध ओततात आणि पांढरा फेस येतो, बघितलाय ना? ते औषध या पाण्यात उरलंय. जखमेवर थेंबभर टाकायचं असतं ते. ही त्यात बुडालीय.”

“आईनं अंगावर खूण दिली आन् तू औषध म्हणतेस?” मागून एक बाई कडाडली. “उठवा हिला तिथनं!”

माझ्याजवळ त्यांना पटेल असं काहीच नव्हतं. अहवाल तर माझ्याच सहीनं उलटं सांगत होता. मग मला त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा दिसला. सकाळी पूजेचा नारळ सोलताना कोयती लागली होती, फडक्याची पट्टी रक्तानं भिजली होती.

“काका, पट्टी सोडा आणि हात घाला आत. तुम्हीच बघा.”

त्यांनी पट्टी सोडली. हात पाण्यात घातला. जखमेतून पांढरा फेस उसळून वर आला, दूध उतू जावं तसा, आणि अंगठा दिसेनासा झाला. गर्दीतून एकच आरोळी उठली. लोक पुढे रेटले. ती मघाची म्हातारी चक्क धाकूकाकांच्या पायावर पडली. “गुरवाच्या अंगात आली! आई गुरवाच्या अंगात आली!”

मी मनात म्हटलं, झालं, आता सगळं संपलं.

धाकूकाकांनी हात काढला नाही. चेहरा वेडावाकडा झाला, तरी काढला नाही. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “चरचरतंय गो बाय.”

“तिलाही चरचरतंय, काका. अंगभर. तिला सांगता येत नाही.”

ते उठले. एवढ्या गर्दीत त्यांना वाट कोणी दिली, की गर्दीच मागे सरली, सांगता येत नाही. त्यांनी दोन्ही हातांत भागीला घेतलं. ती पाण्याबाहेर आली तसे मोती विझले, नुसता मासा उरला. तिच्या डोळ्यांवर साय धरली होती. ते तिला घेऊन डोहात शिरले आणि गळ्याइतक्या पाण्यात कितीतरी वेळ तिला हातांवर धरून उभे राहिले. डोहातले सगळे मासे त्यांच्याभोवती येऊन थांबले होते, तोंडं त्यांच्याकडे करून. अखेर भागीची शेपटी हलली.

“वाजवू काय?” ढोलवाल्यानं घाबरत विचारलं. “मासा तर जिता हाय. आन् निरांजन पण विझायला आलंय...”

निरांजन अजून जळत होतं. धाकूकाका ओल्या कपड्यांनिशी वर आले, देवीपुढे गेले आणि दोन बोटांनी वात चिमटून विझवली. मग घंगाळ उचललं आणि पाणी कातळावर ओतून दिलं. कातळावरचं वाळकं शेवाळ फसफसून पांढरं झालं.

“आईनं पाणी मागं धाडलं,” ते म्हणाले.

सबनीस सर पायरीवर खाली बसले होते. मी धाकूकाकांना सांगितलं, की पाणी वाईट नाही. ते उघड्यावर उन्हात थांबलं की त्यातली आग आपोआप विझते, मागे नुसतं पाणी आणि हवा उरते. फक्त थांबावं लागतं.

“मग थांबायला काय झालं हुतं, सायब?” त्यांनी सरांना विचारलं. रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं होतं म्हणून. “आमची मेलेली मानसं थांबलीत की इतकी वर्सं.”

त्या संध्याकाळी सरांनी पाणी तलावात सोडलं आणि विहिरींचे पंपही बंद करायला लावले. पुढचे दिवस ते रोज स्वतः डोहावर येऊन मासे बघून जात. पाणी मुरलं, मी ते काळ्या पुडीशिवाय तपासलं, आणि मग पुन्हा पारख झाली. या खेपेला भागीला घंगाळात काहीच झालं नाही. तिच्या अंगावर एकही मोती धरला नाही. ढोल वाजला. डोह जगला. भागीचे डोळे मात्र गेले ते गेलेच. धाकूकाकांच्या अंगठ्यावर एक पांढरा फटक चट्टा राहिला, तो शेवटपर्यंत तसाच होता.

ते जाऊन बरीच वर्षं झाली. सरही निवृत्त झाले. मी आता ठिकठिकाणची अशी केंद्रं तपासत फिरते. गेल्या वर्षी सावरघळच्या बाजूला काम निघालं तेव्हा वाट वाकडी करून डोहावर गेले. कुरमुरे नेले होते. येताना मी पाय आपटले नाहीत.

डोह भरलेला होता. कारखान्याचं पाणी अजून वरच्या ओहोळानं त्यात येतं. मी काठावर बसले आणि कुरमुरे टाकले, तर दोन मासे वर आले. एकीची शेपटी खाचेची, डोळे दुधासारखे. दुसरा तिच्यापुढे, किंचित उजवीकडे, अंगाला अंग लावून. तो थांबला की ती थांबायची, तो वळला की वळायची. त्याच्या उजव्या पराच्या टोकाला पांढरा फटक चट्टा होता.

मासे किती जगतात, चट्टे कशाकशानं पडतात, हे सगळं मला माहीत आहे. मी ते मनाशी म्हणूनही पाहिलं.

दोघं ओहोळाच्या तोंडाकडे निघाले. तिथं पाणी पडत होतं, नितळ, काचेसारखं. तो एकटा पुढे झाला, त्या धारेत शिरला, आणि तडाख्यानं मागे फिरला. तिला अंगानं रेटत, ढकलत डोहाच्या पार दुसऱ्या काठाला घेऊन गेला. मागोमाग बाकीचे मासेही गेले. माझ्या बाजूचं पाणी रिकामं झालं. कुठं एक पाखरू बोलत नव्हतं.

मी पर्समधली पेरॉक्साइड तपासायची पट्टी काढली आणि धारेत धरली. पट्टी गडद निळी झाली. मी कारखान्याला फोन लावला.

“डोहाचं पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा. तुमचं पेरॉक्साइड जास्त जातंय.”

“पण मॅडम, सकाळचा रिपोर्ट क्लीन आहे,” तिकडचा मुलगा म्हणाला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“गुरवांनी,” मी म्हणाले.